एक सेकंद उरला तेव्हा

आज आपण बुद्धिबळाबद्दल बोलणार आहोत. घोडा अडीच घरं कसा चालतो हे माहीत नसलं तरी काही बिघडत नाही. ही गोष्ट पटाची कमी आणि पटाशेजारी ठेवलेल्या घड्याळाची जास्त आहे. आणि ती एका प्रश्नाची आहे. दोघी अगदी तोडीस तोड असतील आणि मान मात्र एकीलाच द्यायचा असेल, तर निकाल लावायचा कसा?

साल 2008, महिना मे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथे अमेरिकेची राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. दहा खेळाडू, प्रत्येकीने प्रत्येकीशी एक डाव खेळायचा, म्हणजे एकूण नऊ फेऱ्या. नऊ फेऱ्या संपल्या, गुणांची बेरीज झाली आणि दोघींचे गुण सारखे निघाले. एक होती इरिना क्रश, दुसरी अ‍ॅना झाटोन्स्कीख.

या दोघींची थोडी ओळख करून घेऊ. इरिनाचा जन्म 1983 सालचा, काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा बंदरातला. ती पाच वर्षांची असताना आईवडील अमेरिकेला आले. 1998 मध्ये, चौदा वर्षांची असतानाच, तिने अमेरिकेचं महिला अजिंक्यपद जिंकलं. आपल्याकडे त्या वयाची मुलगी नववीच्या वर्गात असते. अ‍ॅनाचा जन्म 1978 चा, मारियुपोल शहरातला. हे दोन्ही गाव आज युक्रेनमध्ये आहेत. अ‍ॅना मोठेपणी अमेरिकेत आली, त्याआधी ती युक्रेनकडून खेळत असे. 2006 चं अमेरिकेचं अजिंक्यपद अ‍ॅनाकडे गेलं, 2007 चं इरिनाकडे. आता 2008 मध्ये पुन्हा दोघीच समोरासमोर.

मधल्या काळात दोघी एकाच बाजूनेही खेळल्या होत्या. 2004 साली स्पेनमधल्या काल्विया इथल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने रौप्यपदक मिळवलं, त्या संघात इरिना होती आणि अ‍ॅनाही होती. म्हणजे या काही एकमेकींना नव्या नव्हत्या.

आता, गुण सारखे झाले की काय करायचं? पूर्वी अमेरिकेत याचं एक सोपं उत्तर होतं. मान दोघींना वाटून द्यायचा. गिझेला ग्रेसर नावाच्या एका बाई होत्या. त्या तिशी ओलांडल्यावर बुद्धिबळ शिकल्या. संसार होता, मुलं होती. 1944 साली त्यांनी पहिल्यांदा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि पुढची पंचवीस वर्षं त्या ते जिंकत राहिल्या. 1948 साली त्यांचे आणि मोना मे कार्फ यांचे गुण सारखे झाले. दोघींनाही त्या वर्षाच्या विजेत्या म्हणून मान मिळाला. 1957 मध्ये सोन्या ग्राफ यांच्याबरोबर आणि 1966 मध्ये लिसा लेन यांच्याबरोबर तेच झालं. एका वर्षाच्या दोन विजेत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण काळ बदलला. विजेती एकच हवी, निकाल त्याच दिवशी हवा, असं ठरू लागलं. त्यातून आले जलद डाव. मुख्य स्पर्धेतला एक डाव चार-पाच तास चालू शकतो. बरोबरी सोडवण्यासाठी आधी मिनिटांत संपणारे जलद डाव खेळायचे. त्यातही बरोबरी झाली तर त्याहून झटपट डाव. तरीही सुटलं नाही, तर शेवटचा एकच डाव, ज्यात निकाल लागलाच पाहिजे.

या शेवटच्या डावाला नाव आहे आर्मगेडन. बायबलमध्ये जगाच्या अंती होणाऱ्या लढाईला हे नाव आहे, त्यावरून घेतलेलं. त्याची रीत अशी. पांढऱ्या सोंगट्या घेणाऱ्याला जास्त वेळ मिळतो आणि काळ्या घेणाऱ्याला कमी. पण कमी वेळाच्या बदल्यात काळ्याला एक मोठी सवलत असते. डाव बरोबरीत सुटला तरी काळ्या सोंगट्यांचाच विजय धरायचा. पांढऱ्याला मात्र जिंकावंच लागतं.

इथे घड्याळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बुद्धिबळाच्या घड्याळात एकाच डबीत दोन घड्याळं असतात, दोघी खेळाडूंची एकेक. आपली चाल झाली की आपण आपल्या बाजूचं बटण दाबायचं. आपलं घड्याळ थांबतं आणि समोरचीचं सुरू होतं. वाटून दिलेला वेळ संपला की डाव हातचा गेला. पटावर वजीर, हत्ती कितीही दिमाखात उभे असोत, वेळ संपला म्हणजे संपला. आणि नियम असाही आहे की ज्या हाताने चाल केली त्याच हाताने बटण दाबायचं.

टल्साला इरिना आणि अ‍ॅना आधी जलद डाव खेळल्या. बरोबरी सुटली नाही. मग त्याहून झटपट डाव खेळल्या. तरी बरोबरीच. राहिलं ते आर्मगेडन. इरिनाकडे पांढऱ्या सोंगट्या आणि सहा मिनिटं. अ‍ॅनाकडे काळ्या सोंगट्या आणि साडेचार मिनिटं. भाजीला फोडणी घालून ती शिजत ठेवावी, तेवढ्या वेळात अमेरिकेची त्या वर्षीची विजेती ठरणार होती.

डाव पुढे सरकला तशी दोघींची घड्याळं सेकंदांवर आली. आता कोणाची सोंगटी कुठे उभी आहे, कोणाचं प्यादं पुढे आहे, याला फारसा अर्थ उरला नव्हता. हात पटावर, हात घड्याळावर, पुन्हा पटावर, पुन्हा घड्याळावर. विचार करून चाल करण्याची वेळ कधीच टळून गेली होती. प्रश्न एवढाच होता की आधी कोणाचं घड्याळ शून्यावर येतं.

ते इरिनाचं आलं. त्या क्षणी अ‍ॅनाच्या घड्याळात एक सेकंद शिल्लक होता.

त्या एका सेकंदावर अ‍ॅना विजेती झाली. संतापाच्या भरात इरिनाने पटावरची सोंगटी उडवून दिली आणि ती तिथून निघून गेली. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि जगभर पाहिलं गेलं. ज्यांनी आयुष्यात कधी पट मांडला नव्हता, त्यांनीही पाहिलं आणि मतं दिली. बाईने असं चिडावं का, यावरही पुष्कळांनी तोंडसुख घेतलं. पुरुष खेळाडूंनी हरल्यावर पटावरून हात फिरवल्याच्या गोष्टी बुद्धिबळात कमी नाहीत, पण त्या लोक रंगवून, हसून सांगतात. हा फरक आपल्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

काही दिवसांनी इरिनाने एक जाहीर पत्र लिहिलं. तिचं म्हणणं होतं की शेवटच्या धांदलीत, तिने घड्याळाचं बटण दाबण्याआधीच अ‍ॅना आपली चाल करत होती. म्हणजे अ‍ॅनाचं घड्याळ सुरू होण्याआधीच तिची चाल होऊन जात होती. त्यामुळे हा निकाल न्याय्य नाही आणि दोघींनाही संयुक्त विजेत्या जाहीर करावं, अशी तिची मागणी होती. अ‍ॅनानेही आपली बाजू मांडली. वाद रंगला. पण निकाल बदलला नाही. 2008 ची विजेती म्हणून एकट्या अ‍ॅनाचंच नाव नोंदलं गेलं.

मैत्रिणींनो, कोण खरं, कोण खोटं हे आपण इथे बसून ठरवू नये. तो न्याय करण्याचा आपला अधिकार नाही. पण यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतात, आणि त्या वेगळ्या केल्या तर बरंच काही उलगडतं.

पहिली गोष्ट नियमाची. आर्मगेडन होणार, ते कसं होणार, हे दोघींना आधी माहीत होतं. दोघी ते मान्य करून पटावर बसल्या. बुद्धिबळात तक्रार करायची तर डाव चालू असताना घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं असतं. डाव संपल्यावर केलेल्या तक्रारीने निकाल फिरत नाही. या न्यायाने पाहिलं तर मान अ‍ॅनाचाच, त्यात किंतु नाही.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. तो नियम चांगला होता का? नऊ फेऱ्यांमध्ये काय मोजलं गेलं होतं? विचार, धीर, तयारी, तासन्‌तास एका जागी बसून डोकं शांत ठेवण्याची ताकद. आणि शेवटच्या काही सेकंदांत काय मोजलं गेलं? कोणाचा हात चपळ, एवढंच. स्वयंपाकाच्या स्पर्धेत दोन सुगरणी बरोबरीत आल्या आणि कोण लवकर भांडी घासते यावर बक्षीस दिलं, तर ते नियमाला धरून असेल, पण शहाणपणाचं असेल का?

यावर एक उपाय तेव्हाही उपलब्ध होता. बॉबी फिशर या अमेरिकेच्या जगज्जेत्याने एका घड्याळाची कल्पना मांडली होती. 1992 साली बोरिस स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलंही गेलं. या घड्याळात प्रत्येक चालीला थोडा जादा वेळ आपोआप मिळत जातो. त्यामुळे वेळ कमी असला तरी चाल करून बटण दाबण्यापुरते सेकंद हातात राहतात. नुसत्या हाताच्या वेगावर डाव जात नाही. टल्साच्या त्या शेवटच्या डावात ही सोय नव्हती. एका चालीला दोन-तीन सेकंद जादा मिळाले असते, तर निकाल कदाचित तोच लागला असता, कदाचित दुसरा. पण तो पटावर लागला असता.

म्हणजे निकाल बरोबर आणि नियम तोकडा, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. आपण पुष्कळदा या दोन्हींची गल्लत करतो. नियम आवडला नाही म्हणून जिंकणारीला दोष देतो, किंवा निकाल नियमाप्रमाणे लागला म्हणून नियमाबद्दल बोलूच देत नाही.

बरोबरी सोडवण्याचे याहून विचित्र मार्गही बुद्धिबळाने पाहिले आहेत. 1983 साली ऑस्ट्रियातल्या वेल्डन इथे वासिली स्मिस्लोव आणि रॉबर्ट ह्युबनर यांच्यात जगज्जेत्याच्या आव्हानवीराच्या शर्यतीतला सामना झाला. चौदा डावांनंतरही बरोबरी. मग काय केलं असेल? जुगारघरातलं रुलेटचं चाक फिरवलं. लाल की काळा, यावर निकाल. पहिल्यांदा गोळी शून्यावर जाऊन बसली, म्हणजे ना लाल ना काळा. पुन्हा चाक फिरवलं. लाल आलं आणि स्मिस्लोव पुढे गेले. चौदा डावांची मेहनत एका गोळीच्या हवाली! पण त्यात एक प्रामाणिकपणा मात्र होता. हा केवळ नशिबाचा खेळ आहे, हे सगळ्यांना कबूल होतं. जिंकलेल्याला थोर आणि हरलेल्याला कमी कोणी म्हणू शकत नव्हतं.

टल्सानंतर दोनच वर्षांनी, 2010 साली, अमेरिकेच्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा बरोबरी झाली. गाटा कामस्की आणि युरी शुलमन हे दोघे होते. या वेळी आर्मगेडनची रीत बदललेली होती. बरोबरी झाली तरी विजय देणाऱ्या काळ्या सोंगट्या मिळाव्यात म्हणून तुम्ही किती कमी वेळात खेळायला तयार आहात, ते दोघांनी कागदावर लिहून बंद पाकिटात द्यायचं. ज्याने कमी वेळ लिहिला, त्याला काळ्या सोंगट्या. कामस्कीने 25 मिनिटं लिहिली. ती कमी निघाली. त्याने काळ्या सोंगट्या घेतल्या, डाव बरोबरीत सोडवला आणि विजेता झाला.

ही रीत तुम्हाला ओळखीची वाटली ना? आपल्या लिलावाच्या भिशीत हेच होतं. जिला रकमेची निकड आहे, ती त्यातली काही रक्कम सोडायला तयार होते. किती सोडायचं, ते तीच ठरवते. मग नंतर कोणी म्हणू शकत नाही की माझ्यावर अन्याय झाला, कारण किंमत तिने स्वतः बोललेली असते. वेळेचा वाटा आयोजकांनी ठरवून दिला की खेळाडूला तो बोचतो. स्वतः लिहून दिला की तो आपला वाटतो.

आम्ही बचत गटांच्या बैठकांना बसतो तेव्हा अशा बरोबरीचे प्रसंग येतातच. कर्जाला रक्कम एकीपुरती आणि मागणाऱ्या दोघी, दोघींची बचत नियमित, दोघींची परतफेड चोख. ज्या गटाच्या ठरावाच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं की अशा वेळी काय करायचं, आजारपण आधी की शाळेची फी आधी, की सरळ चिठ्ठी, तिथे बैठक अर्ध्या तासात संपते. जिथे लिहिलेलं नसतं, तिथे त्या दिवशी जो नियम निघतो तो कोणाला तरी समोर ठेवून काढल्यासारखा दिसतो. काढणाऱ्यांच्या मनात तसं काही नसलं तरीही. कोणाच्या वाट्याला काय येणार हे माहीत नसताना केलेला नियमच सगळ्यांना पचतो.

आणि वाटून घेण्याची जुनी रीत? ती पूर्ण गेलेली नाही. 31 डिसेंबर 2024 ला न्यूयॉर्कमध्ये जागतिक झटपट बुद्धिबळाच्या अंतिम सामन्यात मॅग्नस कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांचे डाव सुटेनात. तेव्हा दोघांनीच सुचवलं की अजिंक्यपद वाटून घेऊ. जागतिक संघटनेने ते मान्य केलं. सोळा वर्षांपूर्वी इरिना जे मागत होती, तेच हे. पुष्कळांनी टीका केली की नियमात नसलेली गोष्ट बड्या खेळाडूंसाठी ऐनवेळी का केली. टीकेत तथ्य होतं. पण विचारणारा कोण आहे यावर उत्तर बदलतं, हेही त्यातून दिसलं.

आपल्या देशातल्या बायकांनीही अशा निकालांचा कस अनुभवला आहे. कोनेरू हंपी बाळंतपणानंतर खेळात परतली आणि डिसेंबर 2019 मध्ये मॉस्कोला जागतिक जलद अजिंक्यपद जिंकली. चीनच्या लेइ तिंगजीशी बरोबरी झाली होती. शेवटी आर्मगेडनच झालं. हंपीकडे काळ्या सोंगट्या होत्या. तिने डाव बरोबरीत सोडवला आणि तेवढ्यावर ती जगज्जेती झाली. 28 जुलै 2025 ला जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंपीच्या समोर होती आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. मुख्य दोन डाव बरोबरीत सुटले. जलद डावांत घड्याळाच्या दडपणाखाली दिव्या जिंकली आणि त्या विजयाने ग्रँडमास्टरही झाली. सहा वर्षांपूर्वी घड्याळ हंपीच्या बाजूने होतं, या वेळी नव्हतं.

मुंबईच्या खाडिलकर बहिणींची नावं इथे घ्यायलाच हवीत. 1974 साली भारतात पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी ते अजिंक्यपद पुन्हा पुन्हा मिळवलं. एकाच घरात राहायचं, एकाच ताटलीतलं खायचं आणि राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी एकमेकींच्या वाटेत उभं राहायचं. पुढे जयश्री ‘नवाकाळ’च्या संपादक झाल्या आणि रोहिणी ‘संध्याकाळ’च्या. पटावरची चुरस पटावर ठेवून घरचं काम दोघींनी हाती घेतलं.

बहिणींचं एक ठीक. पण ज्या दोघींमध्ये जगासमोर एवढं बिनसलं, त्यांचं काय झालं?

टल्साची ती घटना मे महिन्यातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बुद्धिबळ ऑलिंपियाड भरलं. अमेरिकेच्या महिला संघात पहिल्या पटावर इरिना होती आणि दुसऱ्या पटावर अ‍ॅना. सहाच महिन्यांपूर्वी एकमेकींविरुद्ध जाहीर पत्रं लिहिलेल्या दोघी आता शेजारी शेजारी बसून एकाच संघासाठी खेळत होत्या. त्या स्पर्धेत जॉर्जियाला सुवर्ण मिळालं, युक्रेनला रौप्य आणि अमेरिकेला कांस्य. दुसऱ्या पटावरच्या सर्वोत्तम कामगिरीचं सुवर्णपदक अ‍ॅनाने मिळवलं. त्यांच्या मनात काय होतं, ते आपण सांगू शकत नाही. मनं जुळली होती की नव्हती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण संघाचं काम झालं. काम होण्यासाठी मनं जुळायलाच लागतात असं नाही, हे गटात वर्षानुवर्षं बसणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर 2009 चं अजिंक्यपद अ‍ॅनाने जिंकलं, 2010 चं इरिनाने, 2011 चं पुन्हा अ‍ॅनाने. 2012 साली दोघी पुन्हा एकदा बरोबरीत आल्या. पुन्हा जलद डावांनी निकाल लावायचा होता. या वेळी इरिना जिंकली. पुढच्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. आज मोजलं तर इरिनाच्या नावावर आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं आहेत आणि अ‍ॅनाच्या नावावर चार. अ‍ॅनाच्या त्या चारांपैकी एक, एका सेकंदाचं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात वेळ मिळाला तर घरात पट मांडा. मुलांना बोलवा, सुनेला बोलवा, सासूबाईंनाही बसवा. आणि डाव सुरू करण्याआधी एक ठरवून घ्या, बरोबरी झाली तर काय करायचं. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.